माईचे नऊ सेकंद

आपण आता फार दिवस जगणार नाही, ही बातमी कालिंदी तारळेकरांनी सहाशे चाळीस वेळा ऐकली होती. कधी फुप्फुसाचा कॅन्सर, कधी दोन्ही किडन्या निकामी, कधी हृदयाची झडप. दर वेळी समोर घामाघूम झालेला एखादा शिकाऊ डॉक्टर, मध्ये टेबल, टेबलावर पाण्याचा ग्लास आणि टिश्यूचा डबा. बातमी सांगून झाली की कालिंदीबाई आधी थिजायच्या, मग त्यांचा खालचा ओठ हलायला लागायचा, आणि मग असं रडू यायचं की समोरच्याचेही डोळे भरावेत. पाच मिनिटांनी पदरानं डोळे पुसून त्याच म्हणायच्या, "बाळा, 'घाबरू नका' म्हणालास ना, तिथंच मी घाबरले. आणि घड्याळात दोनदा बघितलंस. दहापैकी चार."

सांगली म्हणजे नाटकवाल्यांचं गाव. शाळेत मराठी शिकवून उरलेला सगळा वेळ कालिंदीबाईंनी हौशी रंगभूमीला दिला, राज्य स्पर्धेत चार रौप्यपदकं मिळवली, आणि निवृत्त झाल्यावर मिरज रस्त्यावरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संवाद केंद्रात त्या खोट्या पेशंट म्हणून लागल्या. डॉक्टरांना माणसांशी नीट बोलायला शिकवायचं, हे त्या केंद्राचं काम. गरज होतीच. पोट उघडून परत शिवणं ज्यांच्या डाव्या हातचा मळ, त्यांना 'तुमची आई आता बरी होणार नाही' हे एक वाक्य धड सांगता यायचं नाही. कुणी रिपोर्टकडे बघत सांगायचं, कुणी व्हरांड्यातून चालता चालता, आणि फारच अवघड झालं की इंग्रजीत.

मग २०३४ साली माई आली.

माई म्हणजे खुर्चीत बसलेला एक पुतळा. सिलिकॉनची कातडी, पिकायला लागलेले केस, अंगावर सुती साडी. तिला घाम यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, नाडी जलद व्हायची. केंद्राचे प्रमुख डॉ. शिरगुप्पे पाहुण्यांना तिच्यामागचं शास्त्र फार सोपं करून सांगायचे. वाईट बातमी कानावर पडली की मेंदूतला बदामाएवढा एक भाग धोक्याची घंटा वाजवतो. तळहात ओले होतात, छाती धडधडते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. ही भीतीची लाट. लाट चढलेली असताना कान ऐकतात, पण ऐकलेलं डोक्यात टिकत नाही. म्हणून डॉक्टरनं तेवढा वेळ गप्प बसायचं, आणि लाट उतरली की मग उपचाराचं बोलायचं. "लाट कधी चढते, कधी उतरते, हे एकदा मोजलं," शिरगुप्पे म्हणायचे, "की करुणासुद्धा शिकवता येते. बीपी बघायला शिकवतो तशी."

प्रश्न होता, ही लाट मोजायची कुणाची. एखाद्याला कॅन्सर झाल्याचं सांगायचं आणि सांगताना त्याच्या अंगाला वायरी लावायच्या, म्हणजे माणुसकीचा पाठ अमानुषपणे शिकण्यातला प्रकार. नैतिकता समितीनं शिरगुप्प्यांना दारातूनच परत पाठवलं. मग उरल्या कालिंदीबाई. आठ महिने मनगटाला घाम आणि नाडी मोजणारा पट्टा आणि छातीला चकत्या लावून त्यांनी सहाशे चाळीस पेशंट केले. इंजिनिअर खूश झाले. बाईंचा घाम खरा होता, धडधड खरी होती, आणि लाटही अशी रेखीव की बघत राहावी. चढून उतरायला नऊ सेकंद, दर वेळी. ते सगळं माईत भरलं. आवाजही कालिंदीबाईंचाच घेतला. केंद्रात पेढे वाटले तेव्हा कालिंदीबाईंना खरंच भरून आलं होतं. नाटकातल्या भूमिका पडदा पडला की संपतात, ही भूमिका आपल्या मागे राहील असं त्यांना वाटलं.

दोन वर्षांत राज्यातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात एकेक माई बसली. डॉक्टरांना नोंदणीचं नूतनीकरण हवं असेल तर माईसमोर सत्तर मार्क मिळवायलाच हवेत, असा नियम झाला. खऱ्या पेशंटशी झालेलं बोलणंसुद्धा, पेशंटची परवानगी असेल तर, रेकॉर्ड व्हायचं आणि माईची यंत्रणा त्याला मार्क द्यायची. डॉक्टर मंडळी हुशारच. त्यांनी नऊ सेकंद घोटून घेतले. बातमी सांगायची, गप्प बसायचं, मनात नऊ आकडे मोजायचे, तिसऱ्याला पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा, सहाव्याला टिश्यूचा डबा, आणि नववा झाला की म्हणायचं, "मी इथंच आहे."

सुरुवातीला लोक भारावले. तक्रारी निम्म्यावर आल्या. पण लोकही काही दूधखुळे नव्हते. कवठेमहांकाळकडचे एक म्हातारबुवा गुडघा दाखवायला आले असताना डॉक्टरनं उन्हाचं म्हणून पाणी पुढे केलं, तर ते काठी टेकत उभेच राहिले. "गलास म्होरं सरकवला म्हंजी आपलं वरचं तिकीट निघालं. आता पोरास्नी बोलावून घ्या, डाक्टर." त्यांना खाली बसवायला अर्धा तास गेला. कालिंदीबाई ही गोष्ट सगळ्यांना नक्कल करून सांगायच्या आणि पोट धरून हसायच्या. तिच्यात हसण्यापलीकडे काही असेल, असं तेव्हा त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

श्रावण लागता लागता त्यांचा आवाज बसला. नोव्हेंबरात स्पर्धा होती, तालमी जोरात होत्या, तेव्हा घसा बसणारच. ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झालं. महिना उलटला तरी आवाजाचा खरखरीतपणा जाईना, तेव्हा नवऱ्यानं त्यांना जवळजवळ ओढतच महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं.

दिगंबर तारळेकर एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी सांगली स्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या. खिशात छोटी डायरी असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. कुणी काही बोललं की आधी वेळ लिहायची, मग मजकूर. तपासणी झाली, गाठीचा तुकडा काढून झाला, आणि रिपोर्टच्या दिवशी डायरी घेऊन ते बायकोबरोबर डॉक्टरच्या खोलीत शिरायला लागले, तर डॉक्टरनं त्यांना अदबीनं थांबवलं.

"काका, आधी मी काकूंशी एकट्याशी बोलतो. तसा नियम आहे."

नियम होताच. माईला कुठं नवरा होता? सहाशे चाळीस पेशंट कालिंदीबाईंनी एकट्यानं केले होते, म्हणून माई एकटी होती, म्हणून राज्यातला प्रत्येक पेशंट आता एकटा बातमी ऐकत होता. दिगंबरराव बाकावर जाऊन बसले.

डॉ. ओजस कुंटे हा कालिंदीबाईंचाच विद्यार्थी. सत्त्याण्णव मार्कांचा विक्रम त्याच्या नावावर होता. त्यानं खुर्ची पुढे ओढली, मोबाइल बंद केला, नजरेला नजर दिली. सगळं अगदी शिकवल्याप्रमाणं.

"काकू, बातमी चांगली नाहीये. सांगू?"

"सांग."

"स्वरयंत्रावर जी गाठ आहे ती कॅन्सरची आहे. वेळेत उपचार झाले नाहीत तर स्वरयंत्र काढावं लागू शकतं."

एवढं बोलून तो थांबला.

कालिंदीबाईंना काहीच झालं नाही. घाम नाही, धडधड नाही. घरी गवारीच्या शेंगा निवडायच्या राहिल्यात, एवढं मात्र स्वच्छ आठवलं. मग त्यांचं लक्ष ओजसकडे गेलं. ग्लास पुढे आला होता. डबा पुढे आला होता. पोरगा त्यांच्या खालच्या ओठाकडे बघत ताटकळला होता. चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या बाईला एक गोष्ट सहन होत नाही. समोरचा नट आपल्यासाठी अडून बसलाय आणि आपण गप्प, म्हणजे नाटक पडलं. कालिंदीबाईंनी ओठ हलवला. मग रडल्या. चांगल्या रडल्या, अगदी मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

ओजसचा जीव भांड्यात पडला. "मी इथंच आहे," तो म्हणाला, आणि नंतर चारेक मिनिटं अगदी मृदू आवाजात बोलत राहिला. रडण्याचा अभिनय करणारी नटी स्वतःच्या हुंदक्यांकडे कान लावून असते, त्यामुळे ती चार मिनिटं पालथ्या घड्यावर पाणी गेलं. कालिंदीबाई खोलीबाहेर आल्या तेव्हा त्यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते. स्वरयंत्र. काढावं.

"काय म्हणाले?" दिगंबररावांनी डायरी उघडली.

"सूज आहे. गुळण्या करायच्या."

त्यांनी ते वेळेसकट लिहून घेतलं.

आवाज कापून टाकून जगायचं नाही, हे कालिंदीबाईंनी रिक्षातच ठरवलं. स्पर्धा तरी होऊ दे, मग बघू. दवाखान्यातून तीनदा मेसेज आले. केंद्रातल्या कामामुळे त्याच दवाखान्याचे रोज दहा मेसेज यायचे, त्यात हेही न वाचता गेले. नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नाही. दहा आठवडे असेच गेले.

दिवाळीनंतर डॉ. समीना मुजावर त्यांच्याकडे शिकवणी मागायला आल्या. समीना कान-नाक-घशाची सर्जन, वय चाळिशीच्या आसपास, मिरजेची, हात सोन्याचा. पण माईसमोर तीनदा नापास. एक्कावन्न, अठ्ठेचाळीस, त्रेपन्न. चौथ्यांदा नापास झाल्या तर नोंदणी थांबणार होती.

"ताई, माझं चुकतं कुठं तेवढं सांगा."

दोघी माईच्या खोलीत गेल्या. समीनाबाईंनी माईसमोर खुर्ची घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "सोबत कोण आलंय?" माईला हा प्रश्न कळत नसे. वरच्या पडद्यावर तीन मार्क कमी झाले. "घरी कोण कोण असतं? स्वयंपाक कोण करतं?" आणखी पाच गेले. आजार काय आहे ते त्यांनी सरळ सांगून टाकलं, आणि माई थिजायच्या आत कागदावर गाठीचं चित्र काढायला घेतलं. माई रडायला लागली, तेव्हा समीनाबाईंनी डबा सरकवला नाही. चित्र काढतच राहिल्या.

"अहो, थांबा ना जरा!" कालिंदीबाई मागून म्हणाल्या. "तिला रडू तर द्या."

समीनाबाईंचा हात थांबला. त्या माईकडे वळल्या, मग कालिंदीबाईंकडे.

"हिचा आवाज तुमचाच ना?"

"माझाच."

"मग एवढा फरक कसा? ताई, परत बोला बघू काहीतरी. कधीपासून आहे हे?"

कालिंदीबाईंनी विषय टाळून पाहिला. समीनाबाईंनी टाळू दिला नाही. दहा मिनिटांत त्यांनी केसपेपर उघडला, आणि त्यांचा चेहरा कठीण झाला.

"तुम्हाला किरणोपचार सांगितले होते. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार. आवाज बऱ्यापैकी राहिला असता. तुम्ही आलात का नाही?"

"असं मला कुणी सांगितलंच नाही."

"ताई, इथं लिहिलंय."

"लिहिलं असेल. मला सांगितलं नाही."

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग होतं. कालिंदीबाईंनी परवानगी दिलेली होती, त्यामुळे ते लावता आलं. पडद्यावर ओजस दिसला, आणि त्याच्यासमोर स्वतः कालिंदीबाई. 'काढावं लागू शकतं,' ओजस म्हणाला. पडद्यावरच्या बाई गप्प. मग त्यांचा ओठ हलला. तो हलण्याच्या आधीची पापणीची लहानशी हालचाल जगात फक्त एका बाईला ओळखता आली असती, आणि ती बाई खुर्चीत बसून ते बघत होती. एंट्री घेण्याआधीची त्यांची जुनी सवय होती ती. पुढे ओजस सगळं सांगत होता. किरणोपचार, सहा आठवडे, पंधरवड्यात सुरू करायला हवेत, आवाज वाचण्याची शक्यता चांगली. एक शब्द त्यानं गाळला नव्हता. खाली कोपऱ्यात आकडा होता: सत्त्याण्णव.

कालिंदीबाईंना त्याच्यावर रागावताही येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मला काही वाटलंच नव्हतं हो त्या वेळी," त्या म्हणाल्या. "गवारीच्या शेंगा आठवत होत्या. पण तो वाट बघत होता. म्हणून रडले."

समीनाबाई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. समोर नाही, शेजारी. "उद्या सकाळी उपाशीपोटी या," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीतून बघते, स्कॅन करू. काकांना सांगितलंय?"

"नाही."

"मग आज सांगा. आणि उद्या त्यांना वही-पेन घेऊन बरोबर आणा."

दिगंबररावांना सांगणं सगळ्यांत जड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डायरीतलं 'सूज आहे, गुळण्या' असलेलं पान काढलं. "मी बाहेर बाकावर होतो," एवढंच ते म्हणाले. त्यांना राग स्वतःचा आला होता की बायकोचा, हे कालिंदीबाईंना कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट यायला आठवडा होता. तेवढ्यात कालिंदीबाई शिरगुप्प्यांकडे गेल्या.

"डॉक्टर, माई चुकीची आहे."

शिरगुप्प्यांनी रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. वाईट माणूस नव्हता. पण चाळीस हजार डॉक्टर माईकडून शिकले होते, आणि ते ओझं त्यांच्या डोक्यावर होतं.

"एका उदाहरणावरून पुरावा होत नाही, ताई. तुमचा घाम खरा होता. आकडे आहेत माझ्याकडे."

"घाम खराच. नटीचा घाम खराच असतो. पण मला शेवट ठाऊक असायचा. पहिल्या वाक्यापासून मी तिकडे निघालेली असायची. खऱ्या माणसाला कुठं ठाऊक असतं पुढं काय आहे ते? मी तुम्हाला नाटकातलं दुःख दिलं. मागच्या रांगेला दिसेल असं. तुम्ही ते चाळीस हजार डॉक्टरांना शिकवलंत."

"मग करू काय मी?"

"शुक्रवारी समीना माझे रिपोर्ट सांगणार आहे. लावा वायरी. समितीला मी स्वतः लिहून देते. पट्टा पंधरा दिवस हातावर राहू दे. या वेळी नाटक करणार नाही."

शिरगुप्पे घुटमळले. "ताई, माई चुकीची ठरली तर तिला पुसावं लागेल. त्यात तुमचा आवाज आहे. आणि समजा रिपोर्ट..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. स्वरयंत्र गेलं तर माईच्या पोटातला आवाज तेवढा शिल्लक राहणार होता.

कालिंदीबाई उठून माईच्या खोलीत गेल्या. माई खुर्चीत शहाण्यासारखी बसली होती.

"माई, म्हण, 'आज दोन लिटर दूध द्या.'"

माईचा खालचा ओठ हलला. डोळे भरले. "आज... दोन लिटर... दूध द्या," ती अशा कातर आवाजात म्हणाली, की गवळ्यानं म्हैस सोडून डॉक्टरला आणायला धावावं. कालिंदीबाईंना हसू फुटलं आणि ते आवरेना. सहाशे चाळीस वेळा मरायला टेकलेली बाई ही. हिला हाक मारता येत नव्हती, भांडता येत नव्हतं, नवऱ्यावर खेकसता येत नव्हतं.

"पुसा," बाहेर येऊन त्यांनी शिरगुप्प्यांना सांगितलं. "चुकीची ठरली तर खुशाल पुसा. हिच्यात मी नाहीच."

शुक्रवारी समीनाबाईंनी दोघांना आत बोलावलं. शिरगुप्पे काचेमागे पडद्यासमोर बसले. कालिंदीबाईंच्या मनगटाला पट्टा, छातीला चकत्या. दिगंबररावांनी डायरीत वेळ लिहिली.

"जेवलात?" समीनाबाईंनी विचारलं.

"पोहे खाल्ले."

"बरं. ताई, वाढलीय गाठ. वेगानं वाढणारी आहे. आता किरणांनी भागणार नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर तुम्ही जगाल, आणि पुष्कळ जगाल, असं मला वाटतं. पण हा आवाज राहणार नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "कुठनं कापतात, श्वास कुठनं घेणार, ते दाखवते. काका, तुम्ही लिहा. ताईंनी आत्ता लक्षात ठेवलं नाही तरी चालेल."

कालिंदीबाईंनी चित्र बघितलं. मग म्हणाल्या, "रिक्षावाला खाली थांबलाय. त्याला जा म्हणून सांगायला हवं."

"सांगते," म्हणत समीनाबाईंनी शिपायाला पाठवलं, आणि परत चित्राकडे वळल्या.

रडले ते दिगंबरराव. डायरीवर टप्पकन पाणी पडलं, शाई पसरली, तर ते ओशाळून रुमालानं पान टिपायला लागले. कालिंदीबाईंनी त्यांच्या हातून डायरी घेतली आणि पुढची तारीख स्वतः लिहिली. काचेमागे शिरगुप्पे नऊ सेकंद थांबले. मग नव्वद. पडद्यावरची रेघ सपाटच होती. लाट आलीच नाही.

"मी रोज पावणेबाराला फोन करणार," निघताना समीनाबाई म्हणाल्या. "काम काही नसेल. उचलायचा."

शनिवारी त्यांनी विचारलं, भाजी काय केली. रविवारी विचारलं, काका डायरी लिहितात का. कालिंदीबाई हसून उत्तरं देत होत्या. घरात आवराआवर चालली होती, त्यांना सगळं छान पेलतंय असं शेजारणीही म्हणत होत्या.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता भाजीवाली फाटकाशी आली. "ताई, मेथी बघा कशी आणलीय!"

"आले, आले!" कालिंदीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, खरखरीत का होईना पण खणखणीत. पदराला हात पुसत दारापाशी आल्या, कडीला हात घातला, आणि तिथंच थांबल्या. चाळीस वर्षं त्या या घरातून अशाच 'आले, आले' म्हणत आल्या होत्या. कधी मोजलं नव्हतं. नाटकातली वाक्यं जाणार याचं दुःख त्यांनी मनात करून झालं होतं. हे दोन शब्द जाणार, हे कुणी सांगितलंच नव्हतं. कडी धरूनच त्या खाली बसल्या. तळहात ओले झाले, छाती फुटेल असं वाटलं. रडण्याचा आवाज अगदी कुरूप होता, तालमीत त्यांनी तो ताबडतोब खोडून काढला असता. भाजीवाली फाटक उघडून आत आली आणि काही न विचारता पायरीवर त्यांच्याशेजारी बसून राहिली.

पावणेबाराला फोन वाजला. कालिंदीबाईंनी उचलला, पण बोलता येईना.

समीनाबाईंनी पलीकडून दोन श्वास ऐकले. "बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन चालू ठेवून गप्प राहिल्या. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.

पट्ट्यानं मोजलं. लाट एक्केचाळीस मिनिटांची होती. बातमी सांगितल्यापासून चार दिवसांनी आलेली, दवाखान्यापासून आठ किलोमीटर दूर, मेथीच्या जुडीपाशी.

शिरगुप्प्यांनी तो आलेख समितीपुढे स्वतः मांडला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. समितीनं आणखी खऱ्या पेशंटांना, त्यांच्या मर्जीनं, पट्टे दिले. कुणाची लाट दुसऱ्या दिवशी आली, कुणाची तेरा दिवसांनी, एकाची भाच्याच्या लग्नात पंगतीला बसल्यावर. नऊ सेकंदांत एकाचीही बसली नाही. माईच्या परीक्षेला स्थगिती मिळाली, समीनाबाईंची नोंदणी वाचली, आणि माई पुसली गेली.

शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. त्यात कालिंदीबाईंनी स्वतःचा आवाज नव्यानं भरून घेतला, पुढे मोबाइलवर टाइप केलेलं त्याच आवाजात ऐकू यावं म्हणून. या वेळी संहिता दिगंबररावांची. डायरीत त्यांनी यादीच केली होती: गवळी, भाजीवाली, शेजारच्या पोरांना दटावणं, गॅसवाल्याशी हुज्जत. खरेपणा यावा म्हणून ते मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकायचे आणि माइक पुढे धरून वाट बघायचे. कालिंदीबाई खेकसायच्या, आणि ते खुशीत वेळ लिहून घ्यायचे.

पुढच्या जूनमध्ये संवाद केंद्राची नवी तुकडी आली. वर्गात खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. गळ्यावर पातळ रुमाल, हातात मोबाइल, मागच्या बाकावर डायरी घेऊन त्यांचा नवरा. ओजस कुंटे मदतनीस म्हणून दाराशी उभा होता. त्यानं स्वतः मागून घेतलेलं काम होतं ते.

पहिली विद्यार्थिनी समोर येऊन बसली. बाईंचा गळा बघून ती गडबडली, आणि हाताला पहिलं जे लागलं ते, टिश्यूचा डबा, तिनं पुढे सरकवला.

कालिंदीबाईंची बोटं मोबाइलवर भराभर चालली.

"उचल तो डबा आधी!" आवाज वर्गभर घुमला. ओल्या टॉवेलवर खेकसणारा, खरखरीत, खणखणीत. "आणि विचार मला, सोबत कोण आलंय?"

पोरगी दचकली. मग तिनं मागं वळून बघितलं. मागच्या बाकावरचे गृहस्थ केव्हाच उठून पुढं यायला निघाले होते.